हौद, पंप आणि पौषातले ऊन

जुन्या जालन्यात घराच्या अंगणात पोहण्याचा हौद, असे पंधरा वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर आम्ही ती थट्टाच समजलो असतो. ज्या गावाने २०१२-१३ च्या दुष्काळात दारोदार टँकरची वाट पाहिली, आणि जेथील गृहिणी नळाचा दिवस एकादशीसारखा ध्यानात ठेवते, त्या गावी केवळ पोहण्यासाठी पाणी साठवून ठेवणे पुष्कळांस माजाचे लक्षण वाटेल. आणि तसे वाटणारांस आम्ही एकदम दोष देणार नाही. परंतु आमच्या वडील भगिनीच्या घरी असा एक हौद आहे, त्यावरून त्या घरात यंदाच्या मार्गशीर्षात बरेच रण माजले, आणि अखेर निवाड्यासाठी ते प्रकरण आमच्याकडे आले. त्या निमित्ताने जी आकडेमोड करावी लागली, ती या सदराच्या वाचकांस, त्यांच्या अंगणात हौद नसला तरी, उपयोगी पडेल असे वाटते. हौदाच्या जागी गच्चीवरची टाकी, न्हाणीघरातील गिझर किंवा विहिरीवरची मोटर घातली तरी हिशेबाची रीत तीच राहते.

हौद काही मोठा नाही. लांबी ६ मीटर, रुंदी ३ मीटर आणि खोली सव्वा मीटर. म्हणजे सुमारे २२,५०० लिटर पाणी. तो बांधण्यामागे हौस होती तशीच एक खंतही होती. अण्णासाहेब, म्हणजे आमचे मेहुणे, लहानपणी कुंडलिकेकाठच्या मळ्यातील विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहावयास शिकले. त्यांच्या तिन्ही मुलांपैकी एकालाच पोहता येते, आणि पाच नातवंडांपैकी एकालाही नाही. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, आणि खाली पाणी आहे की नाही हे खडा टाकून पाहावे लागते. सहलीला जाणाऱ्या मुलांच्या पाण्यात बुडण्याच्या बातम्या दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात; त्या वाचून अण्णासाहेब चष्मा काढून ठेवीत आणि बराच वेळ काही बोलत नसत. शेवटी मधल्या मुलाने मनावर घेतले, आणि जुन्या वाड्याच्या मागील बाजूस, जेथे पूर्वी गाईंचा गोठा होता, तेथे हा हौद झाला.

पुढे त्याला दुसरा धनी मिळाला. ताईचे गुडघे गेली सहा वर्षे दुखतात. डॉक्टरांनी तिला पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितला. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले असता गुडघ्यांवर शरीराच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्साच पडतो. जमिनीवर दहा पावले टाकताना कण्हणारी बाई पाण्यात अर्धा तास चालू शकते. उन्हाळ्यात हे उत्तम चालले. ताई तिसऱ्या प्रहरी सुती गाऊन घालून पाण्यात उतरे आणि विष्णुसहस्रनाम म्हणत फेऱ्या घाली. परंतु दिवाळी झाली, थंडी पडली, आणि हौदाचे पाणी असे गार झाले की पाय बुडवताच गुडघे अधिकच आखडू लागले. तेव्हा ज्याने पूर्वी पंप बसवून दिला होता त्याच विक्रेत्याने सहा किलोवॅटचा विजेचा हीटर बसवून दिला. तो रोज आठ तास याप्रमाणे पंधरा दिवस चालला.

त्या घरचा हिशेब धाकटी सून ठेवते. रोजच्या दुधापासून गौरी-गणपतीच्या खर्चापर्यंत सर्व तिच्या वहीत असते, आणि विजेच्या मीटरचा आकडाही ती दर रविवारी टिपून ठेवते. आम्ही गेलो त्या दिवशी चहाच्या कपाबरोबरच ती वही आमच्यापुढे आली.

"मामा," ती म्हणाली, "हौद बुजवा असे मी म्हणत नाही. आत्याबाईंच्या गुडघ्यांना त्याचा गुण येतो हे मी डोळ्यांनी पाहते. पण पंधरा दिवसांत एकट्या हीटरने सातशे वीस युनिटे खाल्ली, आणि त्या म्हणतात पाणी गार ते गारच. मग ही वीज गेली कोठे, एवढेच मला सांगा."

प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर अंदाजाने देणे आम्हांस लाजिरवाणे वाटले. प्रथम हौद गळत तर नाही ना, हे पाहणे अवश्य होते. त्याची रीत सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. एक बादली हौदाच्याच पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवावी की आतील व बाहेरील पाण्याची पातळी सारखी राहील, आणि दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारावी. तीन दिवसांनी हौदातील पाणी बादलीतल्या पाण्यापेक्षा अधिक खाली गेले असेल तर हौद गळतो. दोन्ही सारखेच उतरले असेल तर ते पाणी हवेने नेले. येथे बादलीतही बारा मिलिमीटर आणि हौदातही बाराच. म्हणजे गळती नव्हती; परंतु ऐन मार्गशीर्षात, सूर्य मंदावलेला असताना, रोज चार मिलिमीटर पाणी हौदातून वर जात होते.

चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी उंची. ऐकताना काहीच वाटत नाही. परंतु हौदाचा पृष्ठभाग १८ चौरस मीटर आहे. त्याने गुणिले असता रोज ७२ लिटर होतात. आणि पाणी हवेत जाते ते रिकाम्या हाताने जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता बरोबर घेऊन जाते, आणि ती मागे राहिलेल्या पाण्यातूनच घेते. मडक्यातील पाणी गार होते ते याच न्यायाने. तेव्हा ७२ लिटरांबरोबर रोज सुमारे ४८ युनिटे उष्णता जात होती. आणि सहा किलोवॅटचा हीटर आठ तासांत देत होता तीही ४८ युनिटेच! धाकट्या सुनेने हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, खाली रेघ ओढली आणि शून्य मांडले. एवढ्या बोलक्या बेरजा-वजाबाक्या क्वचितच पाहावयास मिळतात. दिवसभर घागरीत पाणी ओतावे आणि रात्रभर ते छिद्रातून जावे, तसा तो प्रकार होता.

म्हणून आमचा पहिला निर्णय असा झाला की हीटरही नको आणि अद्याप सौरयंत्रही नको. आधी हौदावर पांघरूण घाला.

"पाण्यावर गोधडी घालायची म्हणता?" अण्णासाहेब हसून म्हणाले.

होय, गोधडीच. ती प्लास्टिकची मिळते, तिच्या एका अंगास हवेचे फुगे असतात, ते अंग पाण्याकडे करावयाचे. तिच्यातून ऊन आत जाते, पण वाफ बाहेर येऊ शकत नाही. व्यवस्थित घातली तर बाष्पीभवन जवळजवळ बंद होते. उघड्या हौदाची बहुतेक सर्व उष्णता पृष्ठभागातूनच जाते, भिंती व तळ यांतून जाणारी त्यामानाने किरकोळ असते. तेव्हा जेथून चोरी होते तेथेच कुलूप लावणे हे शहाणपणाचे. घरातील उपकरणे सुधारावयाची म्हटली की लोक प्रथम नवी मोटर, नवा हीटर, नवी तबकडी यांकडे धावतात. हे पांघरूण सर्वांत स्वस्त, त्यात विजेचे काही नाही, आणि म्हणूनच बहुधा कोणताही विक्रेता त्याचे नाव आपण होऊन घेत नाही.

उष्णतेपेक्षाही पाण्याच्या दृष्टीने हा विचार मराठवाड्यात अधिक महत्त्वाचा आहे. आमच्याकडे उघड्या पाण्याची वर्षाला दीड ते दोन मीटर उंची हवेत जाते. वैशाखात तर दिवसाला दहा मिलिमीटर सहज. सव्वा मीटर खोलीचा हा हौद भरून उघडा टाकला आणि पावसाचा एक थेंबही त्यात पडू दिला नाही, तर वर्ष संपण्यापूर्वी तो आपोआप कोरडा होईल. वैशाखातील एका दिवसाचे १८० लिटर म्हणजे बारा मोठ्या घागरी. ज्या गल्लीत शेजारीण दोन हंड्यांसाठी टँकरपाशी उभी राहते, तेथे बारा घागरी पाणी रोज आकाशास अर्पण करणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

जालन्याच्या पाण्याचा इतिहासही येथे पाहण्यासारखा आहे. जुन्या अमदानीत जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तेथून जमिनीखालील नळांनी गावातील हौदांना पाणी आणले. त्यांतील मोठा हौद सराईच्या चौकात होता. त्याकाळी पंप नव्हता, वीज नव्हती. होता तो केवळ जमिनीचा उतार, आणि तो ओळखणारी नजर. छत्रपती संभाजीनगरातील मलिक अंबरची नहर याच जातीची. नव्या जालन्याला घाणेवाडीच्या तलावाचे पाणी निजामाच्या राजवटीपासून मिळू लागले, तेही उताराने. परंतु जायकवाडीचे पाणी जालन्यास आणावयाचे तर पैठणच्या बाजूने चढावर ढकलत आणावे लागते. जालना उंचावर आहे आणि जायकवाडीचा जलाशय खाली आहे. म्हणजे नळाच्या प्रत्येक हंड्यात आधीच वीज खर्ची पडलेली असते, ती आपल्या मीटरवर दिसत नाही इतकेच. जो पाणी राखतो तो वीजही राखतो. ही गोष्ट पुण्या-मुंबईकडील वाचकांस कदाचित जाणवणार नाही. जालनेकरांस ती पटवून द्यावी लागत नाही.

येथेच तो माजाचा प्रश्न पुन्हा येतो, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. हौद नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याने भरावा काय? आमचे स्पष्ट मत, भरू नये. त्या घराची गच्ची दीडशे चौरस मीटर आहे. पावसाळ्यात अवघा ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला पाचवा हिस्सा पहिल्या धुण्यात व सांडण्यात गेला असे धरले, तरी ६०,००० लिटर पाणी त्या गच्चीवरून वाहून जाते. हौदाला लागते त्याच्या अडीचपटीहून हे अधिक आहे. जालन्याला बहुतेक वर्षी पाऊस ५०० मिलिमीटरहून अधिकच पडतो. गच्चीचे पन्हळ हौदाकडे वळवावे, पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे, आणि मग श्रावणापर्यंत हौद आपण होऊन भरतो. असा भरलेला आणि झाकलेला हौद म्हणजे पावसाचे साठवण-टाकेच होय. त्यात घरची मुले पोहतात एवढाच फरक. पाऊस फारच हुकला तर त्या वर्षी पोहणे बंद, आणि ते पाणी शौचकूप, धुणी व बाग यांच्यासाठी. अण्णासाहेबांनी ही अट आम्ही पुरी सांगण्यापूर्वीच मान्य केली. आम्हांस वाटते, ती त्यांच्या मनात आमच्या आधीपासून होती.

आता पंप. हौदाचे पाणी गाळून पुन्हा हौदात सोडणारा जो पंप त्या विक्रेत्याने दिला होता, तो एक अश्वशक्तीचा. तो रोज आठ तास चाले आणि रोज सुमारे आठ युनिटे घेई. महिन्याला २४० युनिटे. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपुढे चढतो, तीनशेंपुढे आणखी चढतो. तेव्हा संपूर्ण घराचा वापर चढत्या दरात ढकलण्याचे काम हा एकटा पंप करीत होता. आणि त्याची गरज किती? असा पंप तासाला बारा-तेरा हजार लिटर पाणी सहज फिरवतो. २२,५०० लिटरांचा हौद तो दोन तासांच्या आतच एकदा गाळून काढी, आणि उरलेले सहा तास गाळलेलेच पाणी पुन:पुन्हा गाळीत बसे. विक्रेत्याचा हेतू वाईट होता असे नव्हे. मोठा पंप दिला म्हणजे तक्रार येत नाही, हा व्यापारातील जुना संकेत आहे.

पंपाच्या बाबतीत निसर्गाचा एक नियम असा आहे की तो कळल्यावर माणूस थक्क होतो. फिरण्याचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे जाते, पण लागणारी शक्ती निम्मी होत नाही. ती आठवा हिस्सा होते. म्हणजे तेच पाणी दुप्पट वेळ घेऊन संथपणे फिरवले तर चौथ्या हिश्श्याच्या विजेत काम होते. प्रत्यक्षात मोटरीची व नळांची तूट धरता एवढा पुरता लाभ पदरात पडत नाही, तरी बराचसा पडतो. वेग कमी-अधिक करता येणारे पंप आता मिळतात. असा एक लहान पंप घेऊन तो संथ वेगाने सहा तास चालवला तर तासाला पाव युनिट धरून दिवसाला दीड युनिटात भागते, आणि तरीही हौदाचे पाणी दीड वेळा गाळून निघते. तळ घासावयाचा असेल त्या दिवशी तेवढा अर्धा तास वेग वाढवावा. संथ पंपाचा आवाजही होत नाही. दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या अण्णासाहेबांनी हाच लाभ सर्वांत मोठा मानला आहे.

नळांविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. पाणी तेवढेच वाहावयाचे असता नळाचा व्यास दीड इंचाचा दोन इंच केला तर घर्षणाने होणारा विरोध जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. बांधकाम चालू असताना या फरकास थोडेच पैसे पडतात. फरशी बसल्यानंतर तीच गोष्ट डोकेदुखी होते. या घरी फरशी बसली होती. तेव्हा फक्त पंपाजवळचे उघडे नळ आणि चार काटकोनी वळणे बदलून आम्ही समाधान मानले. गाळणीही बदलली. पूर्वीची वाळूची गाळणी उलट प्रवाहाने धुवावी लागे, आणि दर वेळी कित्येक बादल्या पाणी मोरीत जाई. आता पडद्याची गाळणी आहे. ती बाहेर काढून दोन-तीन बादल्यांत धुता येते, आणि ते पाणी नारळाला जाते.

एवढे झाल्यावर मग सूर्याची पाळी. वास्तविक उन्हाने पाणी तापवणे हे आपल्या घरांस नवे नाही. तान्ह्या मुलाच्या आंघोळीसाठी पितळी घंगाळ अंगणात उन्हात ठेवण्याची चाल आमच्या आईपर्यंत चालू होती, आणि त्या पाण्याने मूल बाधत नाही अशी तिची श्रद्धा होती. तांब्याचा बंब आला तो सरपणाचा प्रश्न घेऊन. त्यानंतर गिझर आला तो बिलाचा प्रश्न घेऊन. हौदाच्या बाबतीत मात्र घंगाळाचीच युक्ती उपयोगी पडते, कारण येथे पाणी कढत करावयाचे नसून त्याला पाच-सहा अंश चढवावयाचे आहेत.

हा भेद न कळल्यामुळे अनेकजण आंघोळीसाठी गच्चीवर बसवतात तशी काचेच्या पोकळ नळ्यांची यंत्रे हौदालाही लावू पाहतात. आमच्या मते ती येथे अस्थानी आहेत. ती महाग असतात. शिवाय जालन्याच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी जड, ते फार तापले की क्षार धरते आणि नळ्यांत खर बसते. हौदासाठी काळ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया मिळतात. वर काच नाही, खाली पेटी नाही. त्या दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे तीस-पस्तीस अंशांच्या उताराने मांडाव्या. जालना २० अक्षांशाच्या किंचित खाली आहे, आणि हिवाळ्यातील सूर्य खालून जातो, म्हणून उतार अक्षांशाहून थोडा अधिक. चटयांचे क्षेत्र हौदाच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी नसावे. या घरी गोठ्याच्या उरलेल्या पत्र्यावर १० चौरस मीटर बसल्या. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी एवढ्या जागेत सुमारे ३० युनिटे उष्णता मिळते. हौदाचे सर्व पाणी एक अंश तापवावयास २६ युनिटे लागतात, म्हणजे दिवसाला एका अंशाहून थोडे अधिक. हे ऐकून मधल्या मुलाचा चेहरा उतरला. पण पांघरूण असल्यामुळे आज मिळवलेला अंश उद्या सकाळी बराचसा शिल्लक राहतो, त्यावर उद्याचा चढतो, आणि आठवडाभरात पाणी पाच-सहा अंश वर जाऊन तेथे ठरते. पांघरुणाशिवाय या चटया लावल्या असत्या तर त्या हीटराच्याच वाटेने गेल्या असत्या.

चटयांतून परत येणारे पाणी हाताला जेमतेम कोमट लागते, आणि तेथे घरातील सर्वांची निराशा झाली. "मामा, हे तर काहीच तापत नाही," असे थोरल्या सुनेनेही बोलून दाखवले. परंतु तसेच असावयास हवे. पाणी फार हळू सोडले तर ते अधिक गरम येईल खरे, पण तापलेली चटई आपली उष्णता वाऱ्यालाच देऊन टाकील. पाणी भरपूर वाहत ठेवून दोन-तीन अंशच चढू देणे, यात एकूण उष्णता जास्त मिळते. चमचाभर कढत तेलापेक्षा बादलीभर कोमट पाण्यात उष्णता अधिक असते, हे पाठ्यपुस्तकातील उदाहरण येथे घरात उभे राहते. ऊन नसेल तेव्हा पाणी चटयांकडे जाऊ नये म्हणून एक चावी बसवली आहे. आपोआप फिरणारीही मिळते, पण ढग आले की थोरला नातू धावत जाऊन ती बंद करतो, आणि त्याचा तो मान आम्ही यंत्राकडे देऊ दिला नाही.

मधल्या मुलाचा मूळ आग्रह छतावर विजेच्या सौरतबकड्या बसवण्याचा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळते, ही गोष्ट खरी, आणि ती चांगलीही आहे. पण क्रम महत्त्वाचा. पूर्वीच्या रीतीने हीटरची ४८ आणि पंपाची ८ अशी रोज ५६ युनिटे लागत होती. आमच्याकडे एक किलोवॅटची तबकडी दिवसाला सुमारे चार युनिटे देते, म्हणजे एवढ्यासाठी चौदा किलोवॅटचा संच लागला असता, आणि सर्व गच्ची झाकून गेली असती. मग पापड-कुरडया वाळत कोठे घालाव्यात? आता हौदाला दीड युनिट पुरते. तीन किलोवॅटचा संच बसवला तर तो हौदाला किंचित आणि घराला पुष्कळ देईल. तो पुढील वर्षी बसवावयाचे ठरले आहे.

ज्या घरात लहान मुले आहेत तेथे दोन गोष्टींत हयगय करू नये. हे फुग्यांचे पांघरूण माणसाचा भार धरीत नाही. त्यावर मूल पडले तर ते खाली जाते आणि पांघरूण त्याच्यावर पुन्हा मिटते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी ते सबंध काढलेच पाहिजे, अर्धे सारून चालणार नाही. आणि हौदाभोवती कडी असलेले कुंपण हवेच. दुसरे असे की पंप, दिवे, जे काही विजेचे हौदाजवळ असेल, त्याला चांगली अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. असल्याखेरीज कोणालाही पाण्यात सोडू नये. जोराचा पंप तळाच्या जाळीशी लांब केस ओढून धरू शकतो, हे मुलींच्या आयांनी विशेष ध्यानात ठेवावे. संथ पंपात हे भय कमी होते, पण झाकण फुटले असेल तर त्या दिवशी पोहणे बंद.

पौषात आम्ही पुन्हा जालन्यास गेलो. पहाटे अंगणात शाल पांघरूनही हुडहुडी भरत होती. तिसऱ्या प्रहरी दोघी सुनांनी दोन बाजूंनी पांघरूण गुंडाळले तेव्हा हौदातील तापमापक २७ दाखवीत होता. दिवाळीनंतर तो २१ वर उतरला होता. २७ म्हणजे काही ऊन पाणी नव्हे. गुडघेदुखीच्या माणसाला याहून गरम पाणी मिळाले तर चांगलेच, पण पाण्यात सतत चालत राहिले तर एवढ्यानेही चालते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ताई कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरली, चौथीवर थबकली, आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "अरे, आज बरे आहे." मग तिने चालावयास सुरुवात केली.

धाकटी सून कठड्यावर बसून वही लिहीत होती. मागच्या रविवारपासून हौदाची अकरा युनिटे. पेन्सिलीची रेघ जेथे मारली होती तेथून पाणी बोटभरही उतरले नव्हते. आम्ही निघताना तिने न्हाणीघरातल्या गिझरचा विषय काढला. घरात अकरा माणसे, सकाळी सहा ते नऊ तो सारखा चालू असतो. त्याचा हिशेब पुढील खेपेस.